नववी ‘ब’ची खिडकी

१४ जून १९६५, सोमवार

शाळा उघडली. आजपासून रोज डायरी लिहायची. ही कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे फक्त सत्य लिहायचं.

स्टाफ मीटिंगमध्ये हेडमास्तर शेंडे यांनी बातमी सांगितली. शिक्षण खात्याने आमच्या आटपाडीच्या हायस्कूलला नववी ‘ब’साठी ‘नाट्य’ हा विषय मंजूर केला आहे. प्रयोग म्हणून एक वर्ष. लेखी पन्नास मार्क, प्रॅक्टिकल पन्नास. मार्चमध्ये खात्याचे साहेब येऊन परीक्षा घेणार. त्यांना पसंत पडलं तर विषय कायम आणि शिकवणारा मास्तर ‘नाट्यविभाग प्रमुख’ म्हणून कायम.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. निदान शिपायाने पाहिलं. मी विनयाने मान खाली घातली.

दुसरं आहे कोण? १९५१ साली सांगलीला कॉलेजात असताना मी स्टेजवर उभा राहिलो आहे. तिसऱ्या अंकात सेवक धावत येऊन म्हणतो, ‘महाराज, शत्रू वेशीपाशी आला!’ तो सेवक मी. वाक्य एकच, पण त्याच्याशिवाय चौथा अंक सुरूच होत नाही.

संकल्प : रोज मिठाच्या गुळण्या. गळ्याला मफलर. गालात ज्येष्ठमध. आवाज ही नटाची इस्टेट आहे.

१६ जून, बुधवार

गुंडा पेंटरला बोर्ड करायला सांगितला. ‘ला. भा. जगदाळे, नाट्यविभाग प्रमुख’. आयत्या वेळी घाई नको.

१९ जून, शनिवार

टाइमटेबल लागलं. नाट्य : य. सि. कोळेकर.

तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. यल्लाप्पा कोळेकर म्हणजे आमचा पी.टी. मास्तर. पलटणीतून हवालदार होऊन आला. जतच्या बाजूचा, निम्मं कानडी बोलतो. हा मुलांना नाटक शिकवणार!

हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, तुमच्याकडे आधीच मराठीचे पीरियड भरपूर आहेत आणि कोळेकरांनी पलटणीच्या बडाखान्यात, म्हणजे जवानांच्या मेजवानीत, चार वर्षं द्रौपदी केली आहे. द्रौपदी! एवढ्या मिशांसकट!

मी मोठ्या मनाने त्याचं अभिनंदन केलं. तर म्हणतो, “सर, मला काय येतंय वो त्यातलं? सायेब म्हणलं म्हणून व्हय म्हणलो. तुमी जरा ध्यान ठिवा.” पक्का मुरलेला माणूस.

मला हेवा वाटत नाही. मला मुलांची काळजी वाटते. हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

संध्याकाळी दीडच भाकरी खाल्ली. बोर्ड तयार होऊन घरी आला आहे. उलटा करून भिंतीला टेकवून ठेवला.

२३ जून, बुधवार

त्याने ‘ध्यान ठिवा’ म्हटलं आहे, त्यामुळे माझ्यावर जबाबदारी आली. चौथा पीरियड मला ऑफ असतो. नववी ‘ब’च्या व्हरांड्यातल्या खिडकीशी सहज उभा राहिलो.

हवालदाराच्या हातात पुस्तक नाही, वही नाही, फळ्यावर एक अक्षर नाही. बाकं भिंतीला लावली होती आणि बावीस पोरं नुसती चालत होती. “डोस्क्यावर हंडा हाय, तसं चाला. पायात काटा मोडलाय, तसं चाला. घरात परीक्षेचा निकाल सांगायचाय, तसं चाला.” अख्खा पीरियड चालणे. याला नाटक म्हणतात?

त्याने मला पाहिलं आणि काय हवंय म्हणून विचारलं. मी म्हणालो, खडू पडला, तो शोधतोय.

त्याच्या आजच्या चुका : अकरा. वेगळ्या वहीत नोंदल्या आहेत. मार्चमध्ये साहेबांना उपयोगी पडतील.

३ जुलै, शनिवार

कमाल झाली. सकाळची शाळा सुटल्यावर त्याने सगळा वर्ग आठवड्याच्या बाजारात सोडला. होमवर्क काय, तर “येक माणूस उचला. त्येला काय इचारायचं न्हाई, काय बोलायचं न्हाई. निस्तं बगायचं. सोमवारी वर्गात घिऊन या.”

पालक चवताळून येतील या अपेक्षेने साडेबारापर्यंत ऑफिसबाहेर थांबलो. कुणी आलं नाही.

५ जुलै, सोमवार

खिडकी. (खडू.)

पोरांनी बाजारातली माणसं करून दाखवली. राजाराम देशमुख हा सरपंचांचा मुलगा, माझा आवडता, अक्षर मोत्यासारखं. तो नुसता हाताची घडी घालून उभा राहिला. मला वाटतं त्याने एखादा विचारवंत उचलला असावा.

मग अंजना खरात उठली. एस.टी.तल्या मेकॅनिकची मुलगी. तिने ओढणी हातावर टाकली, ओढणीखाली बोटं हलवली, समोर नसलेल्या माणसाकडे बघून भुवई उडवली, मान झटकली, पुन्हा बोटं हलवली. फडक्याखाली बोटांनी भाव ठरवणारा मेंढरांचा दलाल. तोंडातून एक शब्द नाही. सगळा वर्ग एकदम ओरडला, “दादासो! दादासो दलाल!”

मीसुद्धा हसलो, पण समीक्षकाच्या दृष्टीने. नंतर तिची वही मागवून बघितली. कोरी! एक ओळ नाही! अशी मुलगी पुढे काय करणार?

माझा मफलर खिडकीच्या गजात अडकला होता. सोडवायला वेळ लागला.

चुका : चौदा.

१५ ऑगस्ट, रविवार

झेंडावंदन. माझं भाषण ठेवलं होतं, ‘नाट्यकला आणि राष्ट्र’. चाळीस मिनिटं बोललो. लोक अगदी शांत होते. काहींनी तर डोळे मिटून ऐकलं.

त्यानंतर नववी ‘ब’ची आठ मिनिटांची नक्कल. तलाठ्याच्या कचेरीत आलेली म्हातारी. म्हातारी अंजना. लोक हसून हसून खाली बसले, आणि शेवटी म्हातारी कागद तसाच पदरात बांधून परत निघाली तेव्हा पुढच्या बायका डोळे पुसायला लागल्या. तलाठीसुद्धा टाळ्या वाजवत होता. बेअक्कल.

घरी येताना माझी बायको चंद्रा म्हणाली, “आवं, ती पोरगी लय ग्वाड करती. आन् मास्तर बी काय शिकवतोय!” मी विचारलं, माझं भाषण? म्हणाली, “ते बी झालं की.”

खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. आज थोडा जळलो. फक्त आज. छातीत नाही, जरा खाली, बरगडीच्या शेवटी. सोडा घेतला.

११ सप्टेंबर, शनिवार

पाकिस्तानशी लढाई सुरू आहे. हवालदाराला पलटणीची तार आली. रिझर्व्हमधल्या जुन्या लोकांना परत बोलावलं आहे. दुपारच्या गाडीने गेला.

सारी शाळा एस.टी. स्टँडवर. नववी ‘ब’ची पोरं हुंदके देऊन रडत होती. गाडी हलताना त्याने खिडकीतून हात काढून माझा हात धरला आणि म्हणाला, “सर, पोरांस्नी संबाळा. तुमीच हाय आता.”

मला कसंसंच झालं. मी असं काही मागितलं नव्हतं. मी सिद्धनाथाला म्हसवडला गेलो होतो हे खरं, नारळ फोडला हेही खरं, पण मी फक्त त्याची बदली मागितली होती. बदली म्हणजे जिल्ह्यातल्या जिल्ह्यात.

देवा, त्याला सुखरूप ठेव. लांब, पण सुखरूप.

१३ सप्टेंबर, सोमवार

नाट्य विषय माझ्याकडे! बोर्ड सरळ केला, पण हेडमास्तर म्हणाले की मार्चपर्यंत लावू नका. हरकत नाही.

वर्गात गेलो. बाकं जागेवर आणली. पहिल्यांदा शास्त्रशुद्ध पाया घातला पाहिजे. नोट्स दिल्या.

‘राग. व्याख्या. रागाची लक्षणे चार : एक, भुवया आकुंचन पावणे. दोन, नाकपुड्या फुगणे. तीन, मुठी वळणे. चार, आवाज चढणे.’ पुढच्या आठवड्यात ‘रडणे : प्रकार पाच’.

पहिल्या दिवशी मुलांसमोर आदर्श हवा म्हणून माझं सांगलीचं वाक्य म्हणून दाखवलं. दोनदा. यापुढे प्रत्येक पीरियडची सुरुवात त्याच वाक्याने करीन. प्रार्थनेसारखं.

४ ऑक्टोबर, सोमवार

मुलांच्या चेहऱ्यावर एकाग्रता आली आहे. कुणी हसत नाही, कुणी चालत नाही. राजारामला सगळी लक्षणं तोंडपाठ.

अंजनाने मध्येच हात वर करून विचारलं, “सर, लिवून झालं. पर रडायचं कवा?” मी सांगितलं, दुसऱ्या सत्रात.

१५ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर बावीसपैकी तेरा जणांनी विषय बदलून शेती घेतली. उरले नऊ. हे चांगलंच झालं. कलेत गर्दी कामाची नाही.

हेडमास्तर जरा चिंतेत दिसले. त्यांना म्हणालो, दर्जा बघा. ते म्हणाले, दर्जा बघायला मुलं तरी उरली पाहिजेत.

अंजना मात्र उरली आहे. का, ते कळत नाही. लिहीत नाही. नोट्स सांगताना माझ्याकडे टक लावून बघत बसते. माझा प्रभाव पडला असणार. तरीही प्रॅक्टिकलमध्ये मुख्य काम राजारामला, अंजनाला पडदा ओढायचं.

२२ जानेवारी १९६६, शनिवार

तो परत आला.

सीमेवर पाठवलंच नव्हतं म्हणे. बेळगावला नव्या रंगरुटांना चालायला शिकवत होता. म्हणजे तिथेही तेच!

पोरांनी त्याला स्टँडपासून शाळेपर्यंत खांद्यावर आणलं. शेती घेतलेले तेरासुद्धा त्यात होते. मी गेटवर हार घेऊन उभा होतो. त्याने हार काढून माझ्याच गळ्यात घातला. मोठेपणा दाखवायची एकही संधी सोडत नाही.

जळलो. ‘फक्त आज’ असं या वेळी लिहीत नाही.

२४ जानेवारी, सोमवार

हेडमास्तरांचा तोडगा : लेखी माझ्याकडे, प्रॅक्टिकल हवालदाराकडे. मार्चमध्ये साहेब दोन्ही बघतील आणि ते म्हणतील तो प्रमुख. ठीक आहे. दूध का दूध होऊन जाऊ दे.

चौथ्या पीरियडला बाकं पुन्हा भिंतीला. तेरा जण परत. मी खिडकीशी. (खडू.)

अंजनाने एकदा खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी खाली वाकलो.

१९ फेब्रुवारी, शनिवार

चुकांची वही भरली. एकूण तीनशे बारा. दुसरी वही आणली.

राजारामची खास तयारी घरी घेतो. त्याला राग, शोक, भय आणि आश्चर्य पाठ. हात कुठल्या शब्दाला वर करायचा त्याच्या खुणा लाल पेन्सिलीने केल्या आहेत. हवालदार पोरांना म्हणतो, परीक्षेला ज्याला जो माणूस करायचा तो त्याने उचलावा, आपल्याला आधी दाखवूसुद्धा नये. आधी बघायचंसुद्धा नाही! आता त्याचं दिवाळं वाजणार आणि तेही साहेबांसमोर.

१४ मार्च, सोमवार

परीक्षा झाली. सगळं नीट, क्रमाने लिहितो.

लेखी उत्तम. साहेब म्हणाले, “सगळ्यांची उत्तरं शब्दन् शब्द सारखी आहेत.” मी म्हणालो, “तीच तर मेहनत आहे.”

प्रॅक्टिकलला खोलीत फक्त साहेब, हेडमास्तर, हवालदार आणि मुलं. मला आत घेतलं नाही. कारण विचारलं तर म्हणाले, लेखी तुमचं झालं. आत एक खुर्ची रिकामी होती, मला दिसत होती. मी व्हरांड्यात गेलो. खिडकी कुणाच्या मालकीची नाही.

राजाराम पहिला. साहेब म्हणाले, राग दाखव. राजारामने सावधान उभं राहून सांगितलं, “राग. व्याख्या. रागाची लक्षणे चार.” चारही बिनचूक. साहेब म्हणाले, हे ठीक, आता राग येऊ दे. राजारामने पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी साहेबांच्या नाकपुड्या फुगल्या, भुवया आकुंचन पावल्या. लक्षणं बरोबर होती, फक्त ती साहेबांच्या चेहऱ्यावर होती.

मग अंजना.

तिने कुणाचा तरी मफलर गळ्याला दोन वेढे देऊन बांधला. मार्चच्या उन्हात! एका गालात काहीतरी ठेवलं. हवेत दोन गज धरले आणि त्यांच्यामध्ये तोंड खुपसलं. समोर कुणीतरी काहीतरी छान करत होतं, आणि ही गजाआडून ते बघत होती. ओठ हलत होते. बोटं चुका मोजत होती. मध्येच टाळी वाजवायला हात वर जायचा, तो ती दुसऱ्या हाताने दाबून धरायची. समोरच्यांनी पाहिलं की खाली वाकून जमीन चाचपायची. पुन्हा वर. पुन्हा तोंड गजात. आत यायचंय हे त्या तोंडावर एवढं उघड दिसत होतं की मला त्या माणसाची कीव आली आणि रागही आला. अरे, इतकं आहे तर दारातून जा ना आत! कोण हा करंटा? बाजारातला असणार. मला नीट दिसेना म्हणून मी मफलर सावरला, ज्येष्ठमध दुसऱ्या गालात घेतला आणि दोन गज धरून तोंड पुढे केलं.

तेव्हा साहेबांनी खिडकीकडे पाहिलं.

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. सगळा वर्ग माझ्याकडे वळला. काय करावं सुचेना, म्हणून मी खाली वाकलो.

आतून जो हशा उठला तो शिपायाने गेटवर ऐकला. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. हेडमास्तरांनी तोंडात रुमाल कोंबला होता. एकटा हवालदार हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याला वाईट वाटत होतं. तेच मला सहन झालं नाही.

घरी आलो. चंद्राला सांगितलं की अंजनाने कुणाची तरी नक्कल केली, माणूस काही ओळखू आला नाही. तिने वर्णन विचारलं. मी सांगत गेलो. मफलर, ज्येष्ठमध, खडू. सांगता सांगता माझाच आवाज बारीक होत गेला. तिने ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, “जेवा गुमान.”

१८ एप्रिल, सोमवार

खात्याचा रिपोर्ट आला. विषय कायम. नाट्यविभाग प्रमुख : य. सि. कोळेकर.

अंजना खरात, पन्नासपैकी एकोणपन्नास. शेरा : ‘निरीक्षण अपूर्व.’

खाली आणखी एक ओळ होती. हेडमास्तर वाचणार नव्हते, पण मी कागद घेतला. ‘खिडकीबाहेर योजलेला सहकलाकार मात्र कच्चा. हालचाली ओढूनताणून केलेल्या. प्रत्यक्षात असा मनुष्य असणे शक्य वाटत नाही.’

बोर्ड आता रांजणावर आहे. चंद्राला झाकण हवंच होतं.

१५ जून, बुधवार

नवीन वर्ष. चौथा पीरियड मला ऑफच आहे. व्हरांड्यात जायचं नाही असा संकल्प केला होता. घंटा होताच गेलो.

खिडकीशी हवालदार स्वतःच उभा होता, आतल्या बाजूने. म्हणाला, “सर, भायेर का हुबं ऱ्हाता? वरीसभर वाट बगतोय, आज येताल, उद्या येताल. आत या की वो.”

खडूचं कारण ओठांवर आलं होतं. पण अंजना तिथे होती. ती आता दहावीत आहे, हवालदाराच्या मदतीला येते. तिच्यासमोर तो खडू परत शोधणं जमेना. इथे लिहून टाकतो : त्या व्हरांड्यात माझा कधीही, एकही खडू पडला नव्हता. मला आत जायचं होतं.

आत गेलो. नवी चोवीस पोरं भिंतीला टेकून बसली होती. हवालदार म्हणाला, हे जगदाळे सर, हे सांगलीच्या स्टेजवर हुबं ऱ्हायल्यात. पोरांच्या तोंडावर आदर दिसला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग तो म्हणाला, “सर, तुमचं ते वाक्य म्हणून दावा की पोरांस्नी.”

पंधरा वर्षं मी ते वाक्य सांगत आलो आहे. लग्नात सांगितलं, इंटरव्ह्यूत सांगितलं, गेल्या वर्षी प्रत्येक पीरियडला सांगितलं. मफलर सैल केला. दोन पावलं पुढे टाकली. चोवीस तोंडं माझ्याकडे बघत होती, मध्ये गज नव्हते.

“महाराज,” मी म्हणालो.

पुढचं आठवेना. घाम मानेवरून पाठीत उतरला. मग मागून कुणीतरी हलकेच, इतर कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं, “शत्रू वेशीपाशी आला.”

अंजनाने. वहीत एक ओळ न लिहिता हे तिने पाठ केलं होतं.

मी म्हटलं. हवालदार म्हणाला, “आवाज मागं पोचला न्हाई सर. परत.” सात वेळा म्हणायला लावलं. सातव्या वेळी म्हणाला, “आता बरं हाय. उद्या चालायपास्नं धरू.”

संकल्प : उद्या मफलर घालायचा नाही.